श्वासांतील धूळ

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



सकाळच्या उन्हाची तिरीप खिडकींतून आंत आली म्हणजे तींत नाचणारे कण आपण नित्य पाहतों व धूळ म्हणून सोडून देतों. त्या धुळींत आतां माती व कापूस यांच्या जोडीस प्लास्टिकही आहे, ही गोष्ट आज आपणांपुढें मांडावी असें आम्हांस वाटतें.

पांच मिलिमीटरांहून लहान अशा प्लास्टिकच्या तुकड्यांस सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. हवेंत तरंगणारे कण त्याहून पुष्कळच बारीक असतात. नायलॉन व पॉलिएस्टर यांचीं वस्त्रें, पडदे, गालिचे झिजतात, त्यांतून तंतू सुटतात. मोटारींचीं चाकें रस्त्यावर झिजतात, त्यांचा चुरा उडतो.

घराबाहेर घाण आणि घरांत शुद्ध हवा, अशी आपली समजूत असते. पॅरिस शहरीं झालेलें व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेलें संशोधन निराळें सांगतें. तेथें बाहेरच्या एका घनमीटर हवेंत ०.३ ते १.५ तंतू आढळले. घरें व कचेरी यांच्या आंत १ ते ६० आढळले. आंतील तंतूंपैकीं सुमारें एकतृतीयांश तंतूंत प्लास्टिक होतें. मग डोंगर तरी शुद्ध असतील काय? फ्रान्समधील पिरेनीज पर्वताच्या एका दूरच्या भागीं दर चौरस मीटरावर दररोज सरासरी ३६५ कण पडत असल्याचें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें.

२०२२ सालीं इंग्लंडांतील संशोधकांनीं जिवंत माणसांच्या फुफ्फुसांचे १३ नमुने तपासल्याचें प्रसिद्ध झालें; ११ नमुन्यांत हे कण होते. त्यांपासून किती अपाय होतो, याचा निर्णय शास्त्रानें अजून दिलेला नाहीं. तथापि नायलॉनचे बारीक तंतू वापरणाऱ्या अमेरिकेंतील कारखान्यांत कामगारांस फुफ्फुसांचा विकार जडल्याचें १९९० नंतरच्या दशकांत उघडकीस आलें. निर्णय होईपर्यंत स्वस्थ बसणें शहाणपणाचें नव्हे. कारण जमिनीवर रांगणारें मूल त्या धुळीच्या अगदीं जवळ श्वास घेतें.

उपाय साधे आहेत. खिडक्या उघड्या ठेवाव्या. कोरडा केर उडवीत काढण्याऐवजीं ओल्या फडक्यानें जमीन पुसावी. अंथरुणास सुती चादरी घ्याव्या. प्लास्टिक कदापि जाळूं नये. या ज्युबिलीच्या पताका कागदाच्या व सुताच्या कराव्या असें आम्हीं सुचविलें, तें कांहींस जुनाट वाटलें असेल. त्याचें कारण हेंच होय.

हवा ही सर्वांस सारखीच मिळालेली देणगी आहे. एकानें उडविलेला चुरा दुसऱ्याच्या छातींत जातो. म्हणून हें शेजारधर्माचें काम आहे असें समजून त्याचा आरंभ आपण आपल्याच उंबरठ्यापासून करूं या.