परदेशातील जपानी बौद्धांचे मेळावे



पोटासाठी मायभूमी सोडणारा मजूर आपल्याबरोबर काय नेतो, असा प्रश्न मी आज आपणांस विचारणार आहे. धन त्याच्यापाशी नसते. परक्या देशात त्याच्या भाषेला किंमत नसते. जपानी मजुरांनी अमेरिकेत जाताना बुद्ध बरोबर नेला आणि त्या बुद्धाभोवती ते वर्षातून काही दिवस एकत्र जमू लागले. या जमण्याने त्यांस काय मिळाले, हे समजून घेणे आपणां सर्वांच्या हिताचे आहे.

इ. स. 1885 पासून सरकारी कराराने हजारो जपानी शेतकरी हवाई बेटांतील उसाच्या मळ्यांवर गेले. तेथे मजुराच्या अंगावर धातूचा बिल्ला असे. त्यावर क्रमांक कोरलेला असे. मुकादम त्याला त्या क्रमांकाने हाक मारी. ज्याच्या आईबापांनी त्याला नाव दिले होते, तो माणूस मळ्यावर आकडा झाला. दिवसभर आकडा म्हणून राबलेला हा मनुष्य विहाराच्या अंगणात आला म्हणजे पुन्हा माणूस होई, कारण तेथे त्याला नावाने ओळखणारे लोक होते.

या मेळाव्यांत सर्वांत मोठा मेळावा ओबोनचा. त्यामागे महामौद्गल्यायनाची कथा सांगतात. आपली मृत माता उपाशी प्रेतयोनीत तळमळत आहे असे त्याला दिसले. बुद्धाच्या सांगण्यावरून त्याने वर्षावासाच्या अखेरीस भिक्षुसंघाला दान दिले, मातेची सुटका झाली, आणि तो आनंदाने नाचला. त्याच आनंदाची आठवण म्हणून विहाराच्या अंगणात लाकडी मचाण उभारतात, कागदी कंदील लावतात आणि ढोलाच्या तालावर त्याभोवती रिंगण धरून नाचतात. वर्षभरात जे निवर्तले त्यांची नावे वंदनेच्या वेळी वाचली जातात. रिंगणात पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे सांगता येत नाही. पावले येत नसतील त्याने पुढच्याकडे पाहून शिकावे, एवढाच तेथील नियम.

परंतु हे लोक केवळ नाचून थांबले नाहीत. इ. स. 1920 साली ओआहू बेटावर मजुरांनी वेतनवाढीसाठी संप केला, तेव्हा होंगवांजी पंथाचे प्रमुख येम्यो इमामुरा यांच्यासह बौद्ध धर्मगुरूंनी मजुरांची बाजू मळेवाल्यांपुढे मांडली. मुलांच्या जपानी शाळांवर कायद्याने बंधने आली, तेव्हा शाळा चालविणाऱ्या संस्था न्यायालयात गेल्या आणि 1927 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंधने घटनाबाह्य ठरविली. एकत्र जमण्याची सवय नसती, तर हा लढा कोणाच्या बळावर उभा राहिला असता?

पुढे खरी कसोटी आली. 7 डिसेंबर 1941 रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. तेव्हापासून बौद्ध धर्मगुरूंची धरपकड सुरू झाली. त्यांच्यावर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. बुद्धाची उपासना हाच संशयाला पुरेसा आधार मानला गेला. 19 फेब्रुवारी 1942 च्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमानंतर पश्चिम किनाऱ्यावरील जपानी कुटुंबे घरदार सोडून काटेरी तारांच्या आड दहा छावण्यांत डांबली गेली. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश लोक जन्माने अमेरिकेचे नागरिक होते. प्रत्येक कुटुंबाला क्रमांक मिळाला आणि त्याची चिठ्ठी लहान मुलांच्या कोटालाही बांधली गेली. बापाच्या गळ्यातला मळ्यावरचा आकडा असा नातवंडांपर्यंत पोहोचला.

त्या छावण्यांतही मेळावे बंद पडले नाहीत. टाकाऊ लाकडातून देव्हारे घडविले गेले. वाळवंटाच्या धुळीत ओबोनचे रिंगण फिरले. इ. स. 1944 मध्ये यूटा राज्यातील टोपाझ छावणीत धर्मगुरू व उपासकांनी आपल्या संघटनेला अमेरिकेतील बौद्ध संस्था अशा अर्थाचे नवे नाव दिले. ज्या देशाने त्यांना कैदेत घातले होते, त्या देशावरचा आपला हक्क त्यांनी कैदेतूनच सांगितला.

त्याच वेळी त्यांचे तरुण पुत्र अमेरिकेच्या सैन्यात लढत होते. सैनिकाच्या ओळखबिल्ल्यावर प्रॉटेस्टंटासाठी, कॅथॉलिकासाठी व ज्यूसाठी अक्षर होते, बौद्धासाठी नव्हते. देशासाठी मरण्याची त्याला मुभा होती, पण आपल्या धर्माच्या विधीने पुरले जाण्याची हमी नव्हती. युद्धानंतर बौद्ध तरुणांच्या संघटनांनी ही मागणी लावून धरली, तेव्हा ते एक अक्षर मिळाले. एका अक्षरासाठी एवढा खटाटोप कशाला, असे ज्याला वाटेल, त्याने आपले नाव कागदावरून कधी पुसले गेले नाही हे आपले भाग्य समजावे.

अन्यायाची कबुली यावयास 1988 साल उजाडले. त्या वर्षी कायदा करून अमेरिकेने क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक पीडितास 20,000 डॉलर देऊ केले. पुढे 2022 साली डंकन र्‍यूकेन विल्यम्स या सोतो पंथाच्या धर्मगुरूंच्या पुढाकाराने ‘इरेइचो’ हा नावांचा ग्रंथ सिद्ध झाला. स्थानबद्ध झालेल्या 1,25,284 व्यक्तींची नावे त्यात आहेत. वंशज येतात, आपल्या माणसाच्या नावाशेजारी ठसा उमटवितात आणि नमस्कार करतात. आकड्याचे पुन्हा नाव झाले, ते असे.

आज हवाईत आणि कॅलिफोर्नियात ओबोनच्या रिंगणात जपानी वंशाबाहेरचेही असंख्य लोक पावले टाकतात. त्यांच्या वंदनापुस्तकात जे पाली त्रिसरण आहे, तेच आपल्याही मुखी आहे. म्हणून माझे आपणांस एवढेच सांगणे आहे : पुढच्या मेळाव्यास आपण जाल तेव्हा मंडपात किती माणसे जमली हे मोजून परत येऊ नका. आपल्या शेजारी बसलेल्या अनोळखी माणसास त्याचे नाव विचारा, त्याच्यावर कोणता अन्याय झाला आहे तेही विचारा, आणि ते लक्षात ठेवा. जपानी मजुरांनी परदेशात हेच केले, आणि त्यांचे हक्क त्यातूनच उभे राहिले.