प्रवाळातील गोबी मासा : छंद आणि जबाबदारी

(बेगम बाजार, हैदराबाद येथील मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



मृग नक्षत्र लागले की आपल्या बेगम बाजारातील मासळी बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. रोहू, कटला, मरळ हे मासे येथे सर्वांच्या परिचयाचे आहेत. आज मात्र मी ताटातल्या नव्हे, तर काचेच्या टाकीतल्या एका चिमुकल्या माशाविषयी बोलणार आहे. तो म्हणजे प्रवाळात राहणारा गोबी.

कोकणच्या खाडीतील चिखलात उड्या मारणारी निवटी याच गोबी गणातली. प्रवाळवासी गोबी मात्र जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा असून तो फांद्याफांद्यांच्या प्रवाळात जोडीने राहतो. त्याच्या अंगावर खवले नसतात. त्वचेवरील विषारी बुळबुळीत स्राव हेच त्याचे चिलखत होय. जोडी जमविण्यासाठी गरजेप्रमाणे तो नराची मादी किंवा मादीचा नर होऊ शकतो. अंडी प्रवाळावर घातली जातात व नर त्यांची राखण करतो.

हा मासा फुकटचा भाडेकरू नाही. फिजी बेटांजवळ केलेले एक संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. विषारी शेवाळ प्रवाळाला भिडताच प्रवाळ पाण्यात रासायनिक संकेत सोडतो आणि काही मिनिटांतच गोबी येऊन ते शेवाळ कुरतडून टाकतो, असे त्यात आढळले. घर राखील तोच घरात राहील, असा हा व्यवहार आहे.

येथेच छंद बाळगणाऱ्याची जबाबदारी सुरू होते. माशासाठी जिवंत प्रवाळ विकत घ्यावा, असा मोह होतो. परंतु २००१ सालापासून खडक रचणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते तोडणे, बाळगणे वा विकणे हा कारावासास पात्र गुन्हा आहे. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी २०२० साली वरळी व हाजी अली येथील प्रवाळ हलविण्यापूर्वी महानगरपालिकेलाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. मालवणच्या समुद्रातील प्रवाळांना तर १९८७ सालापासून सागरी अभयारण्याचे संरक्षण आहे.

मग गोबी पाळताच येणार नाही काय? येईल. पिवळा गोबी जिवंत प्रवाळावाचूनही टाकीत चांगला राहतो. त्याला भाजलेल्या मातीचे किंवा कृत्रिम, फांद्यांचे आडोसे द्यावेत. टाकी निदान ५० ते ६० लिटरची असावी. हैदराबादपासून समुद्र दूर, म्हणून खारे पाणी घरीच करावे लागते. त्यासाठी स्वयंपाकाचे मीठ चालत नाही; कॅल्शियम, मॅग्नेशियम आदी क्षार असलेले सागरी मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात घालावे. पाणी तयार होताच मासा सोडू नये. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचविणारे जिवाणू वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तपासणीत अमोनिया व नायट्राइट शून्य दिसल्यावरच मासा आणावा.

तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा पाणी गार ठेवण्याची सोय आधीच करावी. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी गोड्या, शुद्ध पाण्याने भरावे, कारण वाफ होऊन जाते ते पाणी. मीठ मागे राहते. या माशाचे तोंड लहान असते, म्हणून आर्टेमियाची पिले यांसारखे बारीक अन्न दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे द्यावे. सोबत मोठे, खादाड मासे ठेवू नयेत.

मासा घेताना तो कोठून आला, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. फांदीत लपलेला गोबी पकडण्यासाठी पुष्कळदा फांदीच मोडली जाते. म्हणून शक्यतो पैदास केंद्रात वाढविलेला मासा घ्यावा. शिक्षक बंधु-भगिनींनी शाळेत अशी टाकी ठेवल्यास मुलांना माशाबरोबर हा विचारही द्यावा. आपल्या दिवाणखान्यातील एका टाकीच्या शोभेसाठी समुद्रातील एक घर मोडू नये, एवढीच आपणा सर्वांस विनंती आहे.