धुऱ्यावरचं झाड कोणाचं?
(आसेगाव येथील बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाचं सोडून आज झाडांचं काय काढलं, असं कोणी म्हणेल. पण हाही हिशोबाचाच विषय आहे.

आपल्या अंगणात, धुऱ्यावर पूर्वी निंब, बाभूळ, हिवर, बोर, चिंच असायची. घागरभर पाणी न मागता ती उभी राहिली. बाभळीच्या शेंगा शेळ्यांनी खाल्ल्या, लाकडाची औतं झाली. आज दिसतो मादागास्करचा गुलमोहर आणि मेक्सिकोकडची सुबाभूळ. परकी म्हणून आमचा राग नाही. अमेरिकन कापूस आपण पेरतोच. पण मार्चनंतर प्यायच्या पाण्याची मारामार असताना रोप जगवायला पाणी आणायचं कुठून?

निंबाचंच घ्या. जून-जुलैत निंबोळ्या पायाखाली तुडवल्या जातात. त्या वेचून वाळवा. 5 किलो कुटून रात्रभर भिजवा, गाळून पाणी 100 लिटर करा. झाला 5 टक्के अर्क, पऱ्हाटीवरच्या रसशोषक किडीला. पदवी घेताना हे आम्ही वहीत उतरवलं, आणि गावात येऊन पाहतो तर निंबाचाच अर्क बाटलीतून विकत आणणं चालू!

मग शेतकरी देशी झाड का लावत नाही? आळशी आहे म्हणून? नाही. 1964 चा महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत कायदा पाहा. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, अंजन ही झाडं अनुसूचित. वावर तुमचं, झाड बापानं लावलेलं, तरी तोडायला परवानगी. ऑगस्ट 2024 मध्ये तर विनापरवाना तोडीचा दंड 1 हजारावरून 50 हजारांवर नेण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला होता. पोरीच्या लग्नात चिंच विकायची तर आधी कचेरीच्या पायऱ्या झिजवा. त्यापेक्षा निलगिरी बरी, असं तो म्हणतो. त्याचं चुकलं कुठे? जे झाड सांभाळलं पाहिजे, तेच लावायची भीती या कायद्यानं घातली.

जंगल तोडणाऱ्या ठेकेदाराला मोकळं सोडा, असं आम्ही म्हणत नाही. पण धुऱ्यावरचं झाड म्हणजे जंगल नव्हे. ई-पीक पाहणीत बांधावरच्या झाडांची नोंद होते, ती करून ठेवा. त्या नोंदीवर मालकाला तोडीचा हक्क मिळावा, ही आपली मागणी.

दुसरं काम आपल्या हातातलं. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडा: शाळा, रस्ता, गावठाणाच्या जागेत सरकारी रोपं येतील ती आपल्या यादीतलीच. निंब, हिवर, बोर, चिंच, पळस, सीताफळ. यादी बायांना विचारून करा; सरपण आणि सावली त्यांना जास्त कळते. घरच्या अंगणात मात्र सक्ती नको. तिथं ज्याला गुलमोहर आवडतो त्यानं खुशाल लावावा, पाणी त्यानंच घालावं.

ठरावाचा मसुदा आम्ही आणला आहे. जाताना प्रत्येक गावानं एक प्रत घेऊन जावी.