लग्नातला फोटोवाला ठरवताना
(मंडळाच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे खरे, पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. तेव्हा घरात जे घडले तेच सांगते. चुकले तर पदरात घ्यावे.

माझ्या दोन मुलींची लग्ने झाली. थोरलीचे २०२२ साली, धाकटीचे २०२५ साली. माझ्या स्वतःच्या लग्नात फोटोवाल्याच्या रोलमध्ये ३६ फोटो असत, म्हणून तो एकेक जपून काढी. कोणाला उभे करायचे ते मामंजी सांगत. आता फोटो हजारांनी निघतात, आणि फोटो काढणाराच आपल्या मनाने, आपल्या आवडीने काढतो. त्यात वावगे काही नाही. पण त्याची आवड आपल्या घराशी जुळते का, हे आधी पाहावे लागते. थोरलीच्या वेळी आम्ही ते पाहिले नाही. मोबाईलवर त्याचे निवडक फोटो पाहून भुललो आणि विसार देऊन मोकळे झालो.

त्या लग्नात अंतरपाटावरचे स्वस्तिक माझ्या सासूबाईंनी काढले होते. वय ८१, हात थरथरत होता, पण दुसऱ्या कोणाला त्यांनी कुंकू लावू दिले नाही. अल्बम आला. त्यात दिव्यांच्या माळा होत्या, नवरीची मेंदी होती, चपलासुद्धा होत्या. अंतरपाट होता, स्वस्तिकही होते. ते काढणारी मात्र कुठे नव्हती. पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून आम्ही तीन हजार फोटो पाहिले. एकात अर्धा चेहरा सापडला, अर्धा कोणाच्या तरी फेट्याआड. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून हार घातला. आमचे हे त्या दिवशी जेवले नाहीत.

दोष त्या मुलाचा एकट्याचा नव्हे. पहिल्या रांगेत बसलेली म्हातारी कोण, हे त्याला आम्ही सांगितलेच नव्हते.

म्हणून धाकटीच्या वेळी शहाणपण केले. निवडक फोटो न पाहता, एकाच लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो दाखवा, असे प्रत्येकाला म्हटले. दोघांनी टाळाटाळ केली. एका मुलीने दाखवले. तिच्या फोटोंत वाढपी हसत होते, आज्या डुलक्या घेत होत्या, म्हणजे तिला माणसे दिसत होती. तिलाच ठरवले. ती ग्रहमखाच्या दिवशी घरी आली, चहा घेतला आणि घरातली माणसे ओळखून घेतली. मी वहीत २२ नावे लिहून दिली. कानपिळी, सूनमुख, झाल केव्हा होते, तेही सांगितले. अंतरपाट क्षणात दूर होतो, पुन्हा धरता येत नाही. मंगलाष्टकांच्या वेळी वडीलधाऱ्यांसमोर उभे राहायचे नाही, हेही आधीच ठरले.

व्यवहार कागदावर करावा. स्वतः कोण येणार, फोटोला किती माणसे आणि व्हिडिओला किती, हळदीपासून पाठवणीपर्यंत थांबणार का, अल्बमची पाने किती, सगळे मूळ फोटो कोणत्या तारखेला मिळणार, हे लिहून घ्यावे. शेवटचा हप्ता सगळे हाती आल्यावर द्यावा. माझा भाचा वकिली शिकतो. त्याने सांगितले की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल, तर पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढवून घेणाराच असतो. म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचावा. मुलीचे फोटो न विचारता जगाला दाखवायचे नाहीत, हेही त्यात घालावे.

त्या मुलीने दिलेला एक फोटो मी रोज पाहते. पाठवणीच्या वेळी रुखवताच्या टेबलामागे हे एकटेच उभे राहून उपरण्याने चष्मा पुसत आहेत. मी तेव्हा ओटीचे सामान भरण्यात होते, मला ते दिसले नव्हते. घरी आल्यावर मी विचारले, तर "धूर गेला डोळ्यांत," म्हणाले.

भगिनींनो, येत्या वैशाखात ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांनी साड्यांची यादी करण्याआधी माणसांची यादी करावी. सगळ्यांत वयाने मोठे जे असेल, त्याचे नाव पहिले लिहावे, आणि मांडवात गर्दी होण्याआधीच त्यांचा फोटो काढवून घ्यावा.