पायथॉनच्या पोटातलं सॉकेट

मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. “दादा, माझा पायथॉनचा प्रोग्राम लिनक्सवर झकास चालतो, पण विंडोजवर काहीतरी वेगळंच करतो. भाषा तर एकच आहे ना?” हो, भाषा एकच आहे. पण नेटवर्कचं काम आलं की पायथॉन स्वतः काही करत नाही, ते खालच्या ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतं. आणि खाली प्रत्येकाचं घर वेगळं.

तुम्ही इम्पोर्ट सॉकेट लिहिता तेव्हा आधी पायथॉनमध्येच लिहिलेली एक फाइल उघडते. तिच्या आत दडलंय सी भाषेतलं एक्स्टेंशन मॉड्यूल, त्याचं नाव अंडरस्कोर सॉकेट. त्याचा सोर्स म्हणजे सॉकेटमॉड्यूल डॉट सी, हजारो ओळींची फाइल. उघडून बघा, जागोजागी इफडेफ दिसतील. विंडोज असेल तर हे, नसेल तर ते, ही सोय सिस्टीममध्ये असेल तरच पुढचं. पहिल्यांदा बघाल तर डोकं गरगरेल, सांगून ठेवतो.

हे असं का झालं? सॉकेट ही कल्पना बर्कलीची. १९८३ मध्ये ४.२ बीएसडी युनिक्समधून ती सगळीकडे पसरली. तिथे सॉकेट म्हणजे एक छोटा आकडा, फाइल डिस्क्रिप्टर. फाइल असो की नेटवर्क, वाचायचं तसंच, बंद करायचं क्लोजनेच. विंडोजकडे नंतर विनसॉक आलं. फंक्शन्सची नावं बरीचशी तीच ठेवली, पण आतली व्यवस्था निराळी. तिथे सॉकेट हा फाइलचा भाऊबंद नाही, त्याचा टाइप वेगळा आहे. बंद करायला क्लोजसॉकेट लागतं. काम सुरू करायच्या आधी डब्ल्यूएसएस्टार्टअप बोलवावं लागतं, नाहीतर एकही कॉल चालत नाही. पायथॉनमध्ये तुम्ही ते कधी लिहिलंय का? नाही ना. मॉड्यूल लोड होतानाच ती फाइल तुमच्या वतीने ते उरकून टाकते.

एररच्या आकड्यांची गंमत तर मला फार आवडते. पलीकडे कोणी ऐकत नसेल आणि कनेक्शन नाकारलं, तर लिनक्स म्हणतं १११. मॅक म्हणतं ६१. विंडोज म्हणतं १००६१. मॅकचा आणि विंडोजचा आकडा पुन्हा बघा. विनसॉकवाल्यांनी बर्कलीचे आकडे उचलले आणि त्यात १०,००० मिळवले! मॅक बीएसडीच्या घराण्यातलं, म्हणून त्याच्याकडे मूळ आकडा राहिला. पोर्ट आधीच कोणीतरी धरून ठेवला असेल तरी तेच, मॅकवर ४८ आणि विंडोजवर १००४८. लिनक्सचा मात्र आपलाच हिशोब, ९८. २०१२ मध्ये पायथॉन ३.३ आलं आणि या आकड्यांवर नावं चढली. तुम्ही कनेक्शनरिफ्यूज्डएरर पकडता, तेव्हा तिन्ही सिस्टीमवर तेच नाव येतं. अजूनही कोडमध्ये कोणी १११ शी तुलना करताना दिसतं, तेव्हा मी रिव्ह्यूमध्ये लाल शेरा मारतोच.

आता टाइमआउट. सेटटाइमआउट पाच सेकंद असं लिहिलं की वाटतं, सिस्टीमच पाच सेकंद थांबेल. खरं म्हणजे पायथॉन ते सॉकेट गुपचूप नॉन-ब्लॉकिंग करून टाकतं. मग स्वतः वाट बघत बसतं, युनिक्सवर पोल वापरून, विंडोजवर सिलेक्ट वापरून. वाट बघताना जीआयएल सोडलेलं असतं, म्हणून तुमचे बाकीचे थ्रेड अडकत नाहीत. त्यात एक बारीक फरक आहे. कनेक्ट अयशस्वी झालं तर युनिक्सवर सॉकेट “लिहायला तयार” असं दिसतं, मग एरर विचारून घ्यावी लागते. विंडोज मात्र ही बातमी एररच्या यादीत देतं. तुम्ही फक्त लिहायची यादी बघत बसलात, तर टाइमआउट संपेपर्यंत बसूनच राहाल. सॉकेटमॉड्यूल डॉट सी मध्ये हे कॉमेंट लिहून समजावलंय. अशा कॉमेंटमागे कोणाच्या तरी किती रात्री गेल्या असतील!

पण सी मॉड्यूल सगळंच सारखं करून देत नाही. काही ठिकाणी ते फक्त निरोप पोचवतं. तिथेच खरा घोळ होतो.

एका दूध संकलन केंद्राचं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. वजनकाट्याला एक छोटा डबा जोडलेला, तो टीसीपीने केंद्रातल्या विंडोज पीसीकडे वजन पाठवायचा. पीसीवर पायथॉनचा प्रोग्राम ऐकत बसलेला. तक्रार अशी की काही सभासदांची वजनं नोंदीतच नाहीत. पावती नाही, म्हणजे दहा दिवसांच्या पगारात तेवढं दूध नाही. लोक ऑपरेटरवर संशय घेत होते, तो बिचारा रडकुंडीला आलेला. “साहेब, मी हात पण लावत नाही हो त्याला,” असं तो मला तीनदा म्हणाला.

टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोग्रामच्या दोन प्रती चालू. आयकॉनवर दोनदा क्लिक झालेलं, एक खिडकी मिनिमाइज. दोघी एकाच पोर्टवर ऐकत होत्या. काटा पुन्हा कनेक्ट झाला की कधी एकीकडे जायचा, कधी दुसरीकडे. मागच्या खिडकीची नोंद कोणी सेव्हच करत नव्हतं.

असं कसं होऊ शकतं? पुरवठादाराच्या कोडमध्ये एक ओळ होती, एसओ रीयूजॲडर चालू करणारी. लिनक्सवर ही ओळ सभ्य आहे. सर्व्हर बंद केला की जुनी कनेक्शन्स मिनिटभर टाइम-वेट अवस्थेत रेंगाळतात. ही ओळ असली की त्यांच्यासाठी थांबावं लागत नाही, लगेच पुन्हा सुरू करता येतं. पण दुसरा कोणी त्याच पोर्टवर खरोखर ऐकत असेल, तर लिनक्स ९८ नंबरची एरर देऊन बाहेर काढतं. विंडोजवर त्याच नावाच्या ऑप्शनचा अर्थ वेगळा आहे. तिथे तो दुसऱ्या प्रोग्रामला चालू पोर्टवरही बसू देतो, आणि मग कनेक्शन कोणाला मिळेल याची खात्री नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही.

पायथॉनने यात काय करावं? सेटसॉकऑप्ट हे फक्त निरोप्या आहे, ते ऑप्शनचा अर्थ बदलत नाही. मला हे बरोबरच वाटतं. सी मॉड्यूलने प्रत्येक ऑप्शनचं भाषांतर करायला घेतलं, तर आपण नक्की काय मागतोय हेच कळणार नाही. पण पायथॉन ३.८ मध्ये एक चांगली गोष्ट आली, क्रिएट अंडरस्कोर सर्व्हर नावाचं फंक्शन. ते रीयूजॲडर युनिक्सवर लावतं आणि विंडोजवर लावत नाही. केंद्रातला कोड मी त्यावर नेला, म्हणजे पोर्ट फक्त एकाचाच. दुसऱ्यांदा क्लिक केलं की आता मराठीत मोठ्या अक्षरांत येतं, “प्रोग्राम आधीच चालू आहे.” राहिलेल्या नोंदी दुसऱ्या खिडकीच्या लॉगमध्ये सापडल्या, नावं जुळवून सचिवांनी फरक पुढच्या पगारात दिला. ऑपरेटरने मला दोन लिटर म्हशीचं दूध दिलं, तेही पावतीसकट!

बाकी, क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणजे फक्त लिनक्स, मॅक आणि विंडोज नाही. पायथॉन ३.१३ पासून अँड्रॉइड आणि आयओएस हेही अधिकृत यादीत आलेत, तिसऱ्या श्रेणीत का होईना. म्हणजे तीच सॉकेटमॉड्यूल डॉट सी आता तुमच्या खिशातल्या फोनसाठीही बनते.

तर एक काम करा. फोनवर टर्मक्स असेल तर पायथॉन उघडा, लोकलहोस्टच्या एखाद्या रिकाम्या पोर्टला कनेक्ट करा आणि एररमधला आकडा बघा. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नलच आहे, त्यामुळे १११ यायला हवा. हेच मित्राच्या विंडोजवर करा आणि घड्याळ बघा. नकार मिळाल्यावरही विंडोज पुन्हा प्रयत्न करतं, म्हणून उत्तराला जरा उशीर होतो. दोन्हींचे स्क्रीनशॉट पाठवा. पुढच्या भागात नाव देऊन पत्ता शोधायचा गेटॲडरइन्फो घेऊ, त्यातही भरपूर भांडणं आहेत.