घरधन्याचे दुखणे आधी घरधनिणीला कळते
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही. घरात कुणीच बोलत नाही अशा गोष्टीवर बोलणार आहोत : पुरुषांच्या लघवीच्या दुखण्यावर. हसू येईल, मान खाली जाईल. पण ऐकून घ्या.

बैलाने एक दिवस कडबा कमी खाल्ला तरी आपल्या ध्यानात येते. मग घरधनी रात्रीतून चार वेळा उठतो, हे का येणार नाही? येते. पण विचारले की तो म्हणतो, "वय झालं." नाहीतर, "वेचणी उरकू दे, मग बघू." वेचणीनंतर ज्वारीची काढणी, मग लग्नसराई, मग पेरणी. वर्ष निघून जाते.

पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखाली, नळीभोवती प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी. पन्नाशीनंतर अनेकांची वाढू लागते आणि नळी दाबते. फवारणीच्या पंपाची नळी दबली की धार बारीक होते, तसेच हे.

खुणा अशा : रात्रीतून दोन-तीनदा उठणे. उभे राहूनही लघवी लवकर सुरू न होणे. कुंथावे लागणे. धार बारीक, तुटक. झाल्यावरही थेंब गळणे. जाऊन आल्यावर पुन्हा जावेसे वाटणे. धोतराला, पायजम्याला डाग. तो लपवील, पण कपडे धुणारीला दिसते. एसटीचा प्रवास टाळणे, लग्नाला न जाणे, उन्हात राबूनही पाणी न पिणे, याही खुणाच समजा. पाणी तोडणे हा उपाय नव्हे. त्याने मूतखड्याला वाट मिळते. रात्री निजण्यापूर्वी कमी प्यावे, दिवसा पोटभर.

प्रत्येक वेळी दोष प्रोस्टेटचाच नसतो. तहान फार आणि दरवेळी लघवीही भरपूर, तर साखर तपासा. आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरची सुरुवातीला बहुधा काहीच खूण नसते, म्हणून अंदाजावर राहू नका.

तीन गोष्टींत उशीर नको. लघवी पूर्ण तुंबली आणि ओटीपोट फुगून दुखू लागले, तर त्याच रात्री दवाखाना गाठा. नळी घालून पिशवी मोकळी करावी लागते. थंडी वाजून ताप आणि लघवीचा त्रास, तर त्याच दिवशी जा. लघवीत रक्त दिसले, एकदाच दिसले आणि थांबले, तरी दाखवा. सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी तुंबते. दुकानातून परस्पर आणू नका.

दवाखान्यात काय करतात? लघवी, साखर आणि मूत्रपिंडाचे रक्त तपासतात. सोनोग्राफी करतात. गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपतात. मिनिटभराचे काम आहे. पीएसए नावाची रक्ततपासणीही सांगतात. तिचा आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असे नाही. पुष्कळांना गोळ्यांनी आराम पडतो. काही गोळ्यांचा गुण दिसायला सहा महिने लागतात. मधेच सोडू नये. गरज पडली तर दुर्बिणीतून ऑपरेशन होते, बहुधा पोट फाडावे लागत नाही. "मर्दपणा जाईल" ही भीती मोठी. ऑपरेशननंतर वीर्य बाहेर न पडता मागे पिशवीत जाऊ शकते, त्याने इजा होत नाही. ताठरता बहुतेकांची राहते. शंका डॉक्टरला उघड विचारा. खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. ऑपरेशन योजनेत बसते का, कोणत्या रुग्णालयात, ते आधी विचारून घ्या.

टाळत टाळत पिशवी तुंबलेली राहिली, तर पाणी मागे चढते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मग डायलिसिस. त्यात कोरडवाहू पाच एकर किती दिवस पुरेल?

म्हणून बायांनो, भांडू नका, चारचौघांत बोलू नका. तीन रात्री मोजा : किती वेळा उठले. तो आकडा घेऊन, दोघे मिळून दवाखान्यात जा. भावांनो, तिने विचारले तर खेकसू नका. ती तुमची लाज काढत नाही, घर राखते आहे.