काकांना न विचारलेला प्रश्न



संयोजकांनी सांगितलं, ‘आपल्या कामाविषयी बोल.’ सॉफ्टवेअरवर बोलले असते तर मागची रांग दहावीच्या तासासारखीच झोपली असती. म्हणून माझ्या थोरल्या काकांविषयी बोलते. ते नौदलात, जहाजाच्या बॉयलरखान्यात होते. सुट्टीवर राणीसावरगावला आले की आपण ओट्यावर बसून त्यांच्या गोष्टी ऐकायचो. समुद्र आपल्यापैकी कुणीच पाहिला नव्हता.

निवृत्तीनंतर वीसेक वर्षांनी त्यांना धाप लागू लागली. प्रत्येक डॉक्टरांनी विचारलं, ‘विडी ओढता का?’ काका ओढायचे. चौकशी तिथंच संपली. जन्मभर काम काय केलं, हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. काका गेल्यावर मी या विषयावर वाचायला लागले.

वाफेवर चालणाऱ्या जुन्या जहाजांत बॉयलरला आणि पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टण असे. हे खनिज जळत नाही आणि उष्णता अडवतं, म्हणून जगभरच्या युद्धनौकांत ते वापरलं गेलं. आपली पहिली ‘विक्रांत’ १९६१ ते १९९७ सेवेत होती, तीही वाफेवरच चालायची. अशा जहाजांवर दुरुस्तीसाठी वेष्टण सोडलं की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि श्वासातून फुप्फुसात रुततात. आजार दिसायला बहुधा वीस ते चाळीस वर्षं लागतात. फुप्फुस कडक होतं, कर्करोग होतो, फुप्फुसाभोवतीच्या पडद्याचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोगही होतो. सोबत विडी असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी वाढतो. म्हणजे डॉक्टरांचा प्रश्न चूक नव्हता, अपुरा होता.

२००६ साली फ्रान्सची ‘क्लेमांसो’ ही विमानवाहू नौका तोडण्यासाठी गुजरातेत अलंगकडे चालली होती. तिच्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसवरून एवढा गदारोळ झाला, की फ्रान्सने ती परत बोलावली. जहाज अर्ध्या वाटेवरून माघारी बोलावता आलं. छातीत रुतलेले तंतू कुणाला माघारी बोलावता येत नाहीत.

काकांचा आजार त्यामुळेच होता, असं मी म्हणत नाही. तपासच झाला नाही, त्यामुळे ते आता कधीच कळणार नाही. माझी खंत तेवढीच आहे.

आमच्या कामात बिघाड आज दिसला, तरी आम्ही जुन्या नोंदी उघडतो. शरीराचंही तसंच आहे. अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं जपाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे.

आपल्यातले काही जण सैन्यातून, नौदलातून निवृत्त झालेत. काहींचे वडील, भाऊ जुन्या कारखान्यांत बॉयलरवर, सिमेंटच्या पत्र्यांच्या कामावर किंवा जहाजं तोडायला होते. त्यांनी कुठं, कोणत्या वर्षी, काय काम केलं, हे आज रात्रीच एका कागदावर लिहा. तो कागद दवाखान्याच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा. खोकला, धाप अंगावर काढू नका. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगा. आणि हो, मागच्या रांगेतल्यांनो, विडी-सिगारेट सोडा!

बाई, तुम्ही म्हणायचात, ‘उत्तर येत नसेल तर निदान प्रश्न तरी नीट लिहा.’ काकांच्या बाबतीत आम्हाला तेवढंही जमलं नाही. तुम्ही ते करा.